कागदाच्या कोपऱ्यातील यादी



आपल्याकडे लग्न ठरले की आधी याद्या होतात. दोन्हीकडची वडील मंडळी बैठकीवर बसतात, देणेघेणे, मानपान, खर्चाची वाटणी अशी एकेक कलमे लिहून काढतात, आणि वरपक्षाकडे एक व वधूपक्षाकडे एक अशा दोन प्रती राहतात. पुढे मांडवात तंटा निघाला तर कोणीतरी शहाणा गृहस्थ म्हणतो, "यादी काढा." ज्याच्या खिशात यादी नसते तो अशा वेळी गप्प बसतो. यादी हा शब्द आपल्याकडे 'याद' या फारसी शब्दावरून आला. याद म्हणजे आठवण. कागदावर उतरलेली आठवण ज्याच्याजवळ असेल त्याची बाजू बळकट, हे आपण सगळेच अनुभवाने जाणतो.

आज आम्ही ज्या यादीविषयी बोलणार आहोत ती यंत्राच्या ड्रॉइंगवरची, सुट्या भागांची यादी होय. वसंतातल्या या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, स्वातंत्र्यलढा, अर्थकारण हे विषय आपण ऐकत आला आहात. त्यांच्या पंक्तीला कारखान्यातली 'पार्टलिस्ट' कशी बसली, असे पुष्कळांना वाटेल. परंतु आपण आलात ती बस, घरचा पंखा, शेतावरचा पंप यांतले प्रत्येक यंत्र जन्माला येण्यापूर्वी अशा एका यादीत शिरलेले असते. आणि लांबलचक यादी एवढ्याशा कागदावर बसवायची कशी, या साध्या अडचणीतून गेल्या अडीचशे वर्षांत जे घडत गेले त्यात कामगाराच्या इतिहासाचा एक भाग दडलेला आहे.

प्रथम वस्तू डोळ्यांपुढे आणू. यंत्राच्या जुळणीचे ड्रॉइंग म्हणजे सर्व भाग आपापल्या जागी बसलेले दाखवणारे चित्र. प्रत्येक भागापासून एक बारीक रेघ बाहेर निघते आणि तिच्या टोकाला लहान वर्तुळात एक आकडा असतो. कारखान्यात त्याला फुगा म्हणतात. फुग्यात ७ असेल तर यादीतल्या सातव्या ओळीकडे जायचे. तेथे लिहिलेले असते: भागाचे नाव बुश, नग २, धातू गनमेटल, शेरा अमुक. चित्र सांगते भाग कोठे आणि कसा; यादी सांगते तो कोण, किती आणि कशाचा. एकावाचून दुसरे आंधळे किंवा मुके.

चित्राचा इतिहास जुना आहे, यादीचा मानाने अलीकडचा. यंत्राचे किंवा इमारतीचे चित्र शास्त्रशुद्ध कसे काढावे हे फ्रान्समध्ये गास्पार मोंज याने पद्धतशीर मांडले. मेझिएर येथील लष्करी शाळेत त्याची ही रीत गुपित म्हणून जपली जात होती; राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये पॅरिसला त्याने तीवर उघड व्याख्याने दिली. कोणते ज्ञान कुलपात ठेवायचे आणि कोणते चव्हाट्यावर आणायचे, हा प्रश्न ड्रॉइंगच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे, एवढे येथे ध्यानात ठेवावे.

त्याच सुमारास इंग्लंडात यादीची गरज उत्पन्न होत होती. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांची भागीदारी १७७५ मध्ये सुरू झाली. त्यांचे वाफेचे इंजिन प्रारंभीची कित्येक वर्षे एका छपराखाली बनत नव्हते. सिलिंडर जॉन विल्किन्सनच्या भट्टीतून ओतून यायचा, झडपांसारखे नाजूक भाग बर्मिंगहॅमजवळच्या सोहोतून यायचे, आणि अवजड लाकडी तुळई व भिंतींचे बांधकाम खाणमालक जागेवर करून घेई. कंपनी मुख्यतः ड्रॉइंगे देई आणि उभारणीसाठी जाणता माणूस पाठवी. कोणता तुकडा कोठून येणार आणि किती येणार, हे लिहून कळवल्याशिवाय कॉर्नवॉलच्या खाणीवर इंजिन उभे राहणे शक्यच नव्हते. प्रतींची निकड वॉटला इतकी भासली की त्याने लिखाणाच्या प्रती काढण्याचे एक यंत्रच बनवले आणि १७८० मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे १७९६ मध्ये त्यांनी स्वतःची सोहो फाउंड्री काढली आणि बहुतेक भाग एका ठिकाणी होऊ लागले. पण काम जितके अधिक हातांत वाटले जाईल तितकी यादी आवश्यक, हा धडा एव्हाना मिळाला होता.

आणखी एक गोष्ट व्हावी लागली. यादीतला आकडा भागाच्या जागी उभा राहण्यासाठी एका क्रमांकाचे सगळे भाग एकसारखे हवेत. पूर्वी बंदुकीच्या खटक्यातला प्रत्येक तुकडा कारागीर कानशीने घासून त्या एका बंदुकीपुरता बसवी. दुसऱ्या बंदुकीला तो लागत नसे. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लां या कारागिराने हे बदलले. १७८५ मध्ये अमेरिकेचा वकील थॉमस जेफर्सन त्याच्याकडे गेला, तेव्हा खटक्यांचे तुकडे ढिगाने मांडलेले होते. जेफर्सनने हाताला येतील ते उचलून खटके जुळवले आणि ते बिनचूक बसले. तुकड्याला स्वतःचे असे वेगळेपण उरले नाही, त्या दिवसापासून त्याला नंबर देता येऊ लागला. कारागिराच्या कानशीचे मोल त्याबरोबर घटले हेही खरे. पण तो निराळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या देशात ही यादी आगगाडीबरोबर आली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, तिची इंजिने विलायतेत बनलेली होती. परळचा रेल्वे कारखाना १८७९ मध्ये उभा राहिला. असल्या कारखान्यांत फिटर मंडळी विलायती ड्रॉइंगवरून दुरुस्ती करीत आणि नवा भाग हवा तर तो समुद्रापलीकडून येई. मागणीपत्रात क्रमांक चुकला, तर चूक उमगायला आगबोट मुंबईच्या धक्क्याला लागेपर्यंत वाट पाहावी लागणार. अजमेरच्या कारखान्यात १८९५ मध्ये आपल्या देशात बनलेले पहिले रेल्वे इंजिन तयार झाले, ते दीर्घकाळ दुरुस्ती करून करून हात आणि डोळे तयार झाल्यावरच.

महाराष्ट्रातले उदाहरण तर या विषयाला फारच समर्पक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हायला गेले. काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले, म्हणून रंग सोडून ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. काळ्या रेघेला रंगांची जरूर नसते. या ड्रॉइंगमास्तरांनी पुढे लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. नांगराच्या भागांची यादी कागदाच्या एका कोपऱ्यात सुखाने मावते. त्याच घराण्याच्या नावाने १९४६ मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांची कंपनी निघाली. इंजिनाची यादी कोपऱ्यात मावत नाही. नांगर ते इंजिन ही मजल एका पिढीत मारलेल्या आपल्या मुलखाला यादी कागदाबाहेर का सांडू लागली हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता कागदाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात मूळ ड्रॉइंग खळ लावलेल्या पारदर्शक कापडावर शाईने उतरवीत. क्लाइड नदीकाठच्या जहाजकारखान्यांत हे उतरवण्याचे काम पुष्कळदा तरुण मुली करीत. यादीतली अक्षरेही त्याच काढीत. त्यांच्या हातची शेकडो ड्रॉइंगे राहिली, पण नावाच्या चौकटीत त्यांच्या वाट्याला फार तर आद्याक्षरे आली. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये लोहक्षारांनी निळे छायाचित्र काढण्याची क्रिया शोधली होती. १८७० नंतर तिचा कचेऱ्यांत प्रसार झाला. कापडाखाली क्षार लावलेला कागद ठेवून उन्हात धरायचा आणि पाण्यात धुवायचा, की निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा उमटत. हीच ब्ल्यू प्रिंट. मूळ कापड कचेरीत, प्रत कारखान्यात, अशी विभागणी येथून पक्की झाली. मूळ कापडावर पात्याने खरडून दुरुस्ती करता येई. कारखान्यात गेलेली जुनी प्रत मात्र आपोआप सुधारत नसे. या वाक्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

यादी कोठे लिहायची? हळूहळू रूढी पडली ती अशी: उजव्या खालच्या कोपऱ्यात नावाची चौकट आणि तिच्या डोक्यावर यादी. मौजेची गोष्ट अशी की ही यादी खालून वर लिहितात. १ हा आकडा सर्वांत खाली, मथळा त्याच्याही खाली, आणि २, ३, ४ एकेक पायरी वर. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे उफराटे वाटते. पण गवंडी भिंत कशी बांधतो? खालून. यंत्रात उद्या नवा भाग निघाला तर यादीच्या माथ्यावर आणखी एक ओळ घालता यावी, खालचे काही पुसावे लागू नये, म्हणून ही योजना. वर मोकळी जागा राखून ठेवणे म्हणजे आपल्या हातून काही राहिले असेल हे आधीच कबूल करणे. ड्राफ्ट्समनच्या धंद्यातली ही नम्रता आम्हाला फार आवडते.

पुढे हे नियम छापले गेले. इंग्लंडने १९२७ मध्ये ड्रॉइंग कचेरीच्या रीतीविषयी आपले बी.एस. ३०८ हे मानक काढले. आपली भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली आणि तिने १९५५ मध्ये आय.एस. ६९६ प्रसिद्ध केले. भागांच्या यादीपुरते आंतरराष्ट्रीय मानक १९८३ मध्ये आले. त्याने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या: यादी ड्रॉइंगवरच असेल तर खालून वर लिहा, स्वतंत्र कागदावर असेल तर नेहमीप्रमाणे वरून खाली.

कागदाचे आकारही असेच ठरले. जुन्या इंग्रजी कागदांची नावे इम्पीरियल, डबल एलिफंट, अँटिक्वेरियन अशी ऐटबाज होती, पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. अर्धा केला तरी ज्याचा घाट बदलत नाही अशा कागदाची कल्पना जर्मन पदार्थविज्ञानवेत्ता लिख्टेनबर्ग याने १७८६ मध्ये एका पत्रात मांडली होती. वाल्टर पोर्स्टमान याने तीवर उभारलेले जर्मन मानक १९२२ मध्ये आले. एक चौरस मीटरचा तो ए-०, त्याचा निम्मा ए-१, असे करीत आपण नित्य वापरतो तो ए-४.

आता ए-१ घेऊन हिशेबच करू. लांबी ८४१ मिलिमीटर, उंची ५९४. वरखाली १० मिलिमीटरचा समास सोडला तर उंची उरली ५७४. आपल्याकडे विद्यालयांसाठी १९८८ मध्ये निघालेल्या पुस्तिकेत नावाची चौकट १८५ रुंद व ६५ उंच दिली आहे. ती वजा जाता यादीला उंची मिळाली ५०९. एक ओळ ७ मिलिमीटरची धरली तर मथळा धरून ७२ ओळी, म्हणजे ७१ भाग. यंत्राचे भाग २०० असले तर? शेजारी तळापासून दुसरा स्तंभ उभा करावा लागेल, त्यात मथळा सोडून ८१ भाग. उरलेल्या ४८ भागांसाठी तिसरा स्तंभ. तीन स्तंभांनी ५५५ मिलिमीटर रुंदी खाल्ली. डावा समास २० व उजवा १० सोडून कागदाची कामाची रुंदी ८११. म्हणजे ज्या यंत्रासाठी कागद घेतला त्याला सलग अशी जागा राहिली जेमतेम २५६ मिलिमीटर. पाहुण्यांनी घर भरले आणि यजमान ओसरीवर आला, अशातली गत.

यावर ड्राफ्ट्समन मंडळींनी नाना उपाय काढले. अक्षर बारीक करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय. कचेरीच्या दिव्याखाली जे अक्षर वाचता येते ते तेलकट हातात, यंत्राच्या सावलीत वाचता येत नाही, आणि ३चा ८ होतो. मोठा कागद घ्यावा तर तो यंत्रावर पसरायला जागा नसते. एकाच मापाचे २४ बोल्ट असतील तर त्यांना २४ नंबर न देता एका ओळीत 'नग २४' लिहावे, हे शहाणपणाचे. त्याहून मोठी युक्ती म्हणजे यंत्राची वंशावळ मांडणे. मुख्य यादीत 'गिअरबॉक्स, नग १' एवढी एकच ओळ लिहायची, आणि गिअरबॉक्सच्या पोटातल्या साठ भागांसाठी त्याचे स्वतःचे ड्रॉइंग व स्वतःची यादी करायची. मुलांची नावे बापाच्या पानावर, नातवंडांची मुलांच्या पानावर. यंत्र कसे जुळते तेही या मांडणीने समजते. जागेच्या टंचाईतून विचाराची शिस्त निघाली, तिचे श्रेय ड्राफ्ट्समनना दिलेच पाहिजे.

आणि शेवटचा उपाय, यादी ड्रॉइंगवरून उचलून स्वतंत्र ए-४ कागदांवर नेणे. याचेही लाभ खरे आहेत. दुरुस्ती एका जागी होते, खरेदीखात्याला आणि स्टोअरला अवाढव्य ड्रॉइंग उलगडत बसावे लागत नाही. तथापि यादी कागदावरून उठली ती कोठे जाऊन बसली, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १९०३ आणि १९११ मध्ये लिहिलेल्या आपल्या पुस्तकांत असे प्रतिपादन केले की कामाची आखणी यंत्रावरच्या माणसाकडून काढून नियोजनखात्याकडे सोपवावी. कामगाराला लेखी सूचना मिळावी आणि त्याने तीप्रमाणे करावे. या व्यवस्थेत भागांची यादी नियोजनखात्याचे हत्यार झाली. हीतून खरेदी, हीतून साठा, हीतून किंमत, हीतून कामाचा वेळ. पुढे ती छिद्रांच्या कार्डांवर गेली आणि १९६० नंतर संगणकात. यादीवरून मालाची गरज काढण्याच्या शास्त्रावर जोसेफ ऑर्लिकी याचे पुस्तक १९७५ मध्ये निघाले. आज ड्रॉइंगही संगणकावरच निघते. यादी लांब झाली तर तो तिचे तुकडे करून शेजारी मांडून देतो, आणि फुग्यातले आकडे स्वतः जुळवतो. जागेचा प्रश्न जवळजवळ सुटला. परंतु आमच्यासारख्याचा प्रश्न वेगळा असतो: यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताशी त्यातले काय पोहोचले?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचला नाही. १९९० नंतरच्या दशकात एका कारखान्यात आम्ही संघटनेचे काम पाहत होतो. त्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. तेथील एका टर्नरवर आरोपपत्र आले. त्याने ४० गनमेटलचे बुश ५८ मिलिमीटर लांबीचे कापले होते. हवे होते ६२. जास्त लांब झाले असते तर तासून घेता आले असते. आखूड पडलेला तुकडा काही वाढवता येत नाही. माल महागाचा, सगळा भंगारात गेला. निष्काळजीपणा हा आरोप, आणि चार दिवसांचे निलंबन.

चौकशीत आम्ही ड्रॉइंग मागवले आणि टेबलावर पसरले. बुशाच्या चित्राखाली लांबीच्या जागी आकडा नव्हताच. तेथे लिहिले होते, 'यादी पाहा'. एकाच चित्रावरून निरनिराळ्या लांबीचे बुश काढता यावेत म्हणून लांब्या स्वतंत्र यादीत दिल्या होत्या. यादी कचेरीत. टर्नरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली यादी दोन दुरुस्त्या मागची होती. तीत ५८ होते. ड्रॉइंगवर दुरुस्तीचे अक्षर 'ब', कचेरीतल्या यादीवर 'ड'. ड्रॉइंगवरची रेघही बदलली नव्हती, मग नवे ड्रॉइंग कारखान्यात येणार कशाला? आम्ही तीनच प्रश्न विचारले. नवी यादी या माणसाला कोणी दिली? केव्हा दिली? त्याची सही कोठे आहे? सही घेण्याची वहीच त्या कारखान्यात नव्हती.

आरोप मागे घेतला गेला. निलंबनाच्या चार दिवसांचा पगार हाती यायला मात्र सहा महिने लागले. सत्याला धरून हेही सांगितले पाहिजे की त्या कचेरीतला ड्राफ्ट्समन दुष्ट नव्हता. त्याने नियमाप्रमाणे एका जागी दुरुस्ती केली होती. त्या जागेपासून लेथपर्यंतचे शंभर पावलांचे अंतर कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. आणि दोष आमच्याकडेही येतो. त्याआधी पगार, बोनस, रजा यांवर आम्ही मागण्यांचे ताव भरले होते. हातातले ड्रॉइंग आणि यादी एकाच दुरुस्तीची असावी ही मागणी एकदाही लिहिली नव्हती. ती कारकुनी बाब आहे अशी आमची समजूत होती. पुढच्या करारात आम्ही ते कलम घातले: प्रत्येक कामाच्या कार्डाबरोबर ड्रॉइंग व यादी, दोहोंवर दुरुस्तीचे एकच अक्षर, नवी प्रत सही घेऊन द्यायची आणि जुनी परत घेऊन फाडायची. व्यवस्थापनानेही ते खळखळ न करता मान्य केले, कारण भंगारात गेलेले गनमेटल त्यांच्याच पैशाचे होते.

यादी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसत होती तेव्हा तिच्यात अडचणी पुष्कळ होत्या. अक्षर बारीक, जागा अपुरी, दुरुस्ती कटकटीची. पण एक गुण होता. ड्रॉइंग जेथे जाई तेथे यादी जाई. चित्र ज्याला दिसे त्याला यंत्राचे सगळे कूळ दिसे. टर्नरला आपला बुश कोणत्या दांड्यावर बसणार हे कळे, आणि नवशिका पोरगा चहाच्या सुट्टीत फुग्यावरून यादीकडे, यादीवरून फुग्याकडे बोट फिरवत यंत्र शिके. आम्ही स्वतः ड्रॉइंग वाचायला असेच शिकलो. यादी पुन्हा कोपऱ्यात आणा असे आम्ही म्हणत नाही. दोनशे भागांचा हिशेब आताच आपल्यापुढे केला. ती खुशाल संगणकात राहो, परंतु तिची आजची प्रत यंत्राजवळ असली पाहिजे आणि ती वाचण्याची सवड व शिक्षण यंत्रावरच्या माणसाला मिळाले पाहिजे.

लग्नाच्या यादीच्या दोन प्रती करण्याची रीत ज्यांनी पाडली त्यांना हे ठाऊक होते. ज्याला कलमे पाळायची आहेत त्याच्या खिशात ती असली पाहिजेत. नाहीतर मांडवात तो दोषी ठरणार, हे ठरलेलेच. कारखान्यात यापेक्षा निराळा न्याय असण्याचे काही कारण आम्हाला दिसत नाही.